काजळी काढणारी कंपनी: भिंतींना पैकीच्या पैकी, कपड्यांना काठावर पास

पफबॅकनंतर, म्हणजे घर तापवणाऱ्या ऑइलच्या भट्टीत भडका उडून घरभर काजळी पसरल्यावर, घर साफ करायला आलेल्या माणसाने पहिल्याच तासात बादली भरून ओलं फडकं पिळायला घेतलं, तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. कंपनीची वेबसाइट किती गुळगुळीत आहे, रात्री दोनला फोन उचलतात का, व्हॅनवर काय रंगवलंय, याला माझ्या लेखी फारसा अर्थ उरलेला नाही. आधी कोरडं काम, मग ओलं, हे ज्याला कळतं त्याच्या हाती घर द्यावं. आम्ही या जानेवारीत ज्यांना बोलावलं त्यांना ते कळत होतं, म्हणून भिंतींच्या कामाला मी पैकीच्या पैकी मार्क देते. कपड्यांच्या आणि वासाच्या कामाला मात्र नाही. ते का, ते पुढे येईलच.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही एका साखळीची आमच्या भागातली शाखा आहे. शेजारच्या काऊंटीत त्याच नावाचा दुसरा मालक, दुसरा क्रू, दुसऱ्या सवयी. माझ्या भरवशावर तुम्ही फोन करायचा आणि भलतीच माणसं दारात उभी राहायची, त्यापेक्षा काम कसं झालं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे येतील त्यांना तुम्हीच जोखू शकाल.

न्यू जर्सीतल्या नव्या टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक मंडळींकडे हीटिंग गॅसवर असतं, त्यामुळे पफबॅक हा प्रकार त्यांना माहीत नसतो. आम्ही मॉरिस काऊंटीत, पन्नासच्या दशकातल्या घरात राहतो. आमच्या रस्त्याला गॅसची लाइन नाही. बेसमेंटमध्ये 275 गॅलनची ऑइलची टाकी, म्हणजे हजार लिटरच्या वर, आणि शेजारी फर्नेस, म्हणजे ती भट्टी. ऑइलचा ट्रक आला की बाहेरच्या पाइपातून शिट्टी वाजत राहते आणि ती थांबली की टाकी भरली. घर घेतलं तेव्हा मला याची गंमत वाटायची.

ऑइल बर्नर म्हणजे काय, हे ज्यांनी लहानपणी पंपाचा स्टोव्ह पाहिलाय त्यांना लगेच समजेल. तिथे हाताने हवा भरायचो, इथे पंप भरतो, 100 ते 140 पीएसआयच्या दाबाने. ऑइल बारीक नोझलमधून फवाऱ्यासारखं बाहेर येतं, दोन इलेक्ट्रोडमध्ये दहा हजार व्होल्टच्या आसपासची ठिणगी पडते, आणि ज्योत पेटते. स्टोव्हच्या भोकात कचरा अडकला की ज्योत पिवळी व्हायची आणि पातेल्याचं बूड काळं. इथेही तेच होतं, फक्त पातेल्याच्या जागी अख्खं घर. नोझल गळका असला, ठिणगी उशिरा पडली, चिमणी तुंबलेली असली, तर न पेटलेलं ऑइल चेंबरमध्ये साचतं आणि मग एकदम भडका उडतो. त्या धक्क्याने फर्नेसच्या फटींतून, धुराच्या पाइपाच्या सांध्यांतून काजळी बाहेर फेकली जाते. आमचं हीटिंग गरम हवेचं आहे, त्यामुळे पुढचं काम ब्लोअरने केलं. जिथे जिथे व्हेंट आहे तिथे तिथे काजळी घरपोच.

आमच्याकडे एक मोठा स्फोट झाला नाही. पहाटे बेसमेंटमधून धप्प असा आवाज आला, धुराचा अलार्म वाजला, नवऱ्याने खाली जाऊन फर्नेसचा लाल आपत्कालीन स्विच बंद केला. (हा स्विच बहुतेक घरांत बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी असतो. तुमचा कुठे आहे ते आजच बघून ठेवा.) वास डिझेलसारखा. वर सगळं ठीक दिसत होतं. उजाडल्यावर मात्र सासूबाई केरसुणी शोधत आल्या. "अगं, एका रात्रीत एवढी जळमटं कुठून आली?" छताच्या प्रत्येक कोपऱ्यात काळे, लोंबते धागे होते, काही वीतभर लांब. त्यांनी एका कोपऱ्यावर केरसुणी फिरवलीसुद्धा, आणि पांढऱ्या भिंतीवर कोळशाने ओढावा तसा पट्टा उमटला.

ती जळमटं नव्हती. हवेत तरंगणारे काजळीचे कण एकमेकांना चिकटत जातात, त्यांची साखळी होते, आणि कोपऱ्यात जिथे हवा मंद असते तिथे ती लटकते. कोळ्याचं तिथे काही काम नसतं. हाताने किंवा झाडूने ओढलं की साखळी तुटते आणि तेलकट काळा पट्टा रंगात घुसतो. सासूबाईंचा तो पट्टा पुढे फार उपयोगी पडला. क्रूने सगळ्यात आधी त्यालाच हात लावला, कारण तो निघाला तर बाकी सगळं निघणार होतं.

सफाई कंपनीआधी ऑइल कंपनीचा टेक्निशियन आला, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. सफाईवाल्या क्रूची प्रमुख, एक चाळिशीतली, कमी बोलणारी बाई, तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हाच: "बर्नर दुरुस्त झालाय का? रिपोर्ट आहे का?" नसेल तर येऊन काजळीच्या फटी झाकून जाऊ, पण धुणं सुरू करणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मला त्या क्षणी ती आगाऊ वाटली. दुसऱ्या दोन कंपन्यांनी मात्र कोणी काही न विचारता "लगेच येतो" म्हटलं होतं. बर्नर तसाच ठेवून भिंती धुतल्या असत्या तर पुढच्या भडक्याला त्या पुन्हा काळ्या, आणि इन्शुरन्स कंपनी दुसऱ्यांदा तेवढ्याच प्रेमाने फोन उचलेल याची खात्री नाही.

टेक्निशियनला दोन गोष्टी सापडल्या. एक, बर्नर बंद झाल्यावरही नोझलमधून ऑइल थेंब थेंब पडत होतं. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की असं होतं: पंप थांबतो, दाब उतरतो, बुडबुडा फुगतो आणि ऑइल बाहेर ढकलतो. दोन, ऑइल फिल्टर चिखलाने भरला होता. आदल्या ऑक्टोबरात आमचा वार्षिक ट्यून-अप झाला होता आणि कागदावर 'फिल्टर बदलला' अशी खूण होती. ज्या फिल्टरकडे आम्ही पाहत होतो तो एका हिवाळ्यात तसा होणं मला तरी शक्य वाटत नाही. ती आधीची ऑइल कंपनी आम्ही सोडली.

नव्या टेक्निशियनने नोझल, फिल्टर, पंपाची जाळी बदलली, लाइनमधली हवा काढली, हीट एक्स्चेंजर आणि धुराचा पाइप ब्रशने साफ केला. मग त्याने केलं ते पाहायला मी जिन्यावर बसले होते. धुराच्या पाइपाला एक छोटं भोक असतं. त्यात नळी घालून त्याने हातपंपाने दहा वेळा धूर ओढला, तो पांढऱ्या कागदाच्या पट्टीतून जाऊ दिला आणि कागदावरचा डाग एका तक्त्याशी ताडून पाहिला. तक्त्यावर शून्य ते नऊ असे करडे ठिपके असतात, शून्य म्हणजे पांढरा, नऊ म्हणजे काळाकुट्ट. पहिल्यांदा डाग चारच्या आसपास. हवेची झडप फिरवून, ड्राफ्ट म्हणजे चिमणीची ओढ मोजून, पुन्हा दहा वेळा. शेवटी कागद जवळजवळ कोरा आला. ती पट्टी त्याने रिपोर्टला स्टेपल करून दिली. तुमच्या ट्यून-अपला येणारा माणूस ही पट्टी दाखवत नसेल तर मागा. अर्ध्या तासात "ऑल सेट" म्हणून निघणाऱ्याने ती काढलेली नसते.

आता सफाई. क्रू आला आणि पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याला हातही लावला नाही. आधी सगळ्या व्हेंटवर पातळ कापड चिकटवलं. एअर स्क्रबर म्हणजे हेपा फिल्टरचा, अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा, एक मोठा डबा बसवला, तो दिवसरात्र घुरघुरत होता. मग प्रमुखबाईने पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन घरभर फिरून जागा तपासल्या, आणि त्या जागा मी कधी स्वप्नातही पुसल्या नसत्या: दाराची वरची कड, दिव्याच्या बटणाची प्लेट काढून आतली बाजू, फ्रेमच्या मागची भिंत, फ्रिजचं डोकं, कपाटातल्या बंद खणाचा मागचा कोपरा. प्रत्येक डागाचा फोटो. बाहेरच्या भिंतींवर आतल्या भिंतींपेक्षा जास्त काळं होतं, कारण काजळी थंड पृष्ठभागावर आधी बसते. भिंतीतले लाकडी दांडे आणि खिळ्यांची डोकी तर ठिपक्याठिपक्यांनी मोजता येत होती, जणू घराचा एक्स-रे. प्लॅस्टिकच्या वस्तूंवर, टीव्हीच्या मागे, ब्लाइंड्सवरही थर जास्त, कारण तिथे स्थिर विजेचा भार असतो.

मग हेपा व्हॅक्यूम. ब्रश भिंतीला टेकवायचा नाही, किंचित अंतरावर धरायचा. छतापासून खाली यायचं. घरातला साधा व्हॅक्यूम यासाठी काढू नका, त्याच्या पिशवीतून बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात.

मग स्पंज. याला केमिकल स्पंज म्हणतात, पण त्यात केमिकल काही नसतं, तो व्हल्कनाइज्ड रबराचा एक ठोकळा असतो, खोडरबराच्या मोठ्या भावासारखा दिसणारा. तो कोरडाच वापरायचा. पाणी लागलं की गेला. क्रूमधला एक पोरगा छतावर सरळ रेषेत एक पट्टा ओढायचा, एकदाच, घासायचा नाही, आणि पुढचा पट्टा आधीच्याला जेमतेम चाटून. दोन-तीन पट्ट्यांत स्पंजची बाजू काळी. मग दुसरी बाजू. सगळ्या बाजू भरल्या की खिशातल्या कटरने वरचा पापुद्रा कापून टाकायचा, आत पुन्हा स्वच्छ रबर. संध्याकाळपर्यंत जमिनीवरच्या प्लॅस्टिकवर त्या काळ्या पापुद्र्यांचा ढीग जमला होता, आणि तो ढीग पाहून मला पहिल्यांदा विश्वास वाटला की ही काजळी घराबाहेर जाणार आहे. ओल्या फडक्याने ती भिंतीत गेली असती.

पाणी दुसऱ्या दिवशी आलं. ऑइलची काजळी तेलकट असते, स्पंज तिचा मोकळा भाग काढतो, चिकटलेला थर काढायला अल्कलाइन डीग्रीझर लागतो. भिंत खालून वर धुतात, हे मला नवीन होतं. वरून सुरुवात केली तर काळं पाणी खालच्या कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि ते ओघळ मग निघत नाहीत. स्वच्छ पाण्याचं दुसरं फडकं लगेच मागे. पाणी सतत बदलत होते. स्वयंपाकघरातल्या भिंतींना जास्त वेळ लागला, कारण तिथे आमच्या फोडण्यांचा थर आधीपासून होता. प्रमुखबाई त्यावर काही बोलली नाही, फक्त डीग्रीझर जरा घट्ट केला.

सासूबाईंच्या पट्ट्याचा निकाल: स्पंजने अर्धा, धुण्याने थोडा, उरलेला रंगाखालीच गेला.

इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. डक्टपासून, म्हणजे गरम हवा घरभर नेणाऱ्या नळ्यांपासून, ती सुरू होते.

डक्ट साफ करायला त्यांनी दुसऱ्या कंपनीला आणलं. मोठा व्हॅक्यूम लावून, नळ्यांमधून ब्रश फिरवून ते गेले. त्यांनी आत सुगंधी जंतुनाशक फवारायचा प्रस्ताव दिला, वेगळे पैसे. मी नाही म्हटलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए डक्टमध्ये असली रसायनं मारण्याबाबत सावध राहायलाच सांगते, आणि काजळीला जंतुनाशकाने काय होणार? मग हीटिंग पुन्हा सुरू झालं आणि प्रत्येक वेळी ब्लोअर लागला की डिझेलचा वास. डक्ट स्वच्छ होते. ब्लोअरचा पंखा आणि त्यावर बसलेली एसीची कॉइल कोणीच साफ केली नव्हती. डक्टवाले म्हणाले ते आमच्या कामात नाही, सफाईवाले म्हणाले ते डक्टवाल्यांच्या कामात आहे. अखेर फर्नेसच्या टेक्निशियननेच ब्लोअर बाहेर काढून धुतला आणि फर्नेसच्या आतलं काळं झालेलं इन्सुलेशन बदललं. काम ठरवताना 'ब्लोअर आणि कॉइल कोण साफ करणार' हे कागदावर लिहून घ्या.

वासाचंही तसंच. त्यांनी ओझोनचं मशीन लावायचं सुचवलं. ओझोन वास मारतो हे खरं, पण तो फुप्फुसांना त्रास देतो, माणसं असलेल्या घरात तो चालवायचा नसतो, आणि रबर, कापडाचे रंग, चित्रं यांचंही नुकसान करतो. सासूबाईंना दमा आहे. मी हायड्रॉक्सिल मशीन मागितलं, ते त्यांनी कुरकुर न करता आणलं. ते हळू काम करतं, पण घर सोडावं लागत नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. शेवटच्या दिवशी न विचारता त्यांनी सोफ्यावर आणि पडद्यांवर लिंबाच्या वासाचा कसलातरी स्प्रे मारला. वास गेलाय की झाकलाय, हे त्यानंतर कळायलाच मार्ग उरला नाही. साफ झालेल्या घराला कसलाच वास यायला नको.

आणि कपडे. कपाटातले सगळे कपडे पेट्यांत भरून एका खास लाँड्रीत गेले. सुती, रोजचे कपडे झकास परत आले. माझ्या साड्यांच्या बाबतीत त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. यादी करणाऱ्या मुलीने साडीची नोंद 'ड्रेपरी' म्हणून केली, म्हणजे पडदा, कारण साडेपाच मीटरचं कापड तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. परकर आणि ब्लाउज मात्र स्वतंत्र नग, स्वतंत्र दर. माझ्या पैठणीची बदली किंमत इन्शुरन्सच्या पहिल्या तक्त्यात एका बऱ्या पडद्याएवढी आली होती. पैठणी परत आली ती पदराजवळ फॉल आकसून, जर थोडी मंदावून. हे टाळता येण्यासारखं होतं. जरीच्या साड्या पेटीत जाऊ देऊ नका. मोकळ्या हवेत पसरून, हेपा व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून वरवर काजळी काढा, आणि ज्याला जर कळते अशा ड्रायक्लीनरकडे स्वतः न्या. उरलेल्या दोन रेशमी साड्यांचं मी तेच केलं आणि त्या नीट आहेत.

देवघरातली पितळी भांडी आणि तांब्याची ताम्हनं मी त्यांना दिलीच नाहीत. चिंच आणि मीठ आपल्याकडे आहेच.

इन्शुरन्सच्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. अ‍ॅडजस्टर घरात फिरला, देवघरासमोर थांबला, समई पाहिली आणि विचारलं, "इथे रोज दिवा लावता? उदबत्ती?" सासूबाईंनी अभिमानाने हो म्हटलं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मेणबत्त्या, उदबत्त्या, तेलाचे दिवे यांचीही काजळी भिंतींवर बसते आणि वर्षानुवर्षांच्या साचलेल्या काजळीला पॉलिसी पैसे देत नाही. पॉलिसी पैसे देते ते अचानक झालेल्या नुकसानाला. इथल्या घराच्या नेहमीच्या एचओ-3 पॉलिसीच्या छापील मजकुरात, सामानाला संरक्षण देणाऱ्या कारणांमध्ये 'धूर' असतो आणि त्यात बॉयलर किंवा फर्नेसमधून येणारा पफबॅक शब्दशः लिहिलेला असतो. आपल्या पॉलिसीत ते वाक्य शोधा आणि अधोरेखित करून ठेवा.

आम्हाला वाचवलं ते दोन गोष्टींनी: टेक्निशियनचा रिपोर्ट, धुराच्या पट्टीसकट, आणि क्रूप्रमुख बाईने काढलेले फोटो. फोटोंत काजळी सर्वांत दाट कुठे होती? व्हेंटच्या तोंडाशी, फर्नेसपासून लांबच्या बेडरूममध्येसुद्धा, आणि रिटर्नच्या, म्हणजे हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या डक्टच्या, फिल्टरवर. देवघराच्या कोपऱ्यात त्या मानाने कमी. समई दोषी असती तर उलट दिसलं असतं. बाईने हे अ‍ॅडजस्टरला चार वाक्यांत समजावलं, आणि माझ्या मते या कंपनीला दिलेल्या पैशांतले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे ते. सही करताना एवढं पाहा: पहिल्या दिवशी ते जो अधिकारपत्राचा कागद पुढे करतात, त्यात इन्शुरन्सचे पैसे थेट कंपनीला जातील असं कलम असू शकतं. काम पूर्ण होण्याआधी तसं नको असेल तर ते खोडायला सांगा. आमच्याकडे त्यांनी ते खोडलं.

रंगकाम त्यांच्याकडे दिलं नाही. रंगाऱ्याचा आग्रह साध्या लेटेक्सच्या दोन हातांचा होता. तसं केलं की काही महिन्यांत खालचा पिवळट डाग आणि वास वर येतो. आम्ही शेलॅकचा प्रायमर, झिन्सरचा बिन, वापरायला लावला. लाखेचा आहे, अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, लावताना डोकं दुखेल एवढा उग्र वास, खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागतात, फेब्रुवारीत हे सोपं नाही. पण तासाभराच्या आत वाळतो आणि डाग खरोखर बंद करतो. सासूबाईंचा पट्टा एका हातात नाहीसा झाला.

तुमच्याकडे प्रकरण एका व्हेंटभोवतीच्या काळ्या वर्तुळापुरतं असेल तर कोणाला बोलवायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात तो रबराचा स्पंज काही डॉलरला मिळतो. हातमोजे, एन-95 मास्क, आधी स्पंज, मग थोडा टीएसपी (तेलकटपणा काढणारी धुण्याची पावडर) घातलेल्या पाण्याने खालून वर. पण त्याआधी फर्नेसवाल्याला बोलवा. काळं वर्तुळ उगाच येत नाही.

तेवढ्यावरून आठवलं. बर्नरवर एक लाल रीसेटचं बटण असतं. ज्योत लागली नाही की बर्नर काही सेकंदांत स्वतःच बंद होतो, कारण आतला प्रकाश ओळखणारा डोळा त्याला सांगतो की आग नाही. रीसेट एकदा दाबा. नाही पेटला तर हात मागे. प्रत्येक दाबण्याबरोबर चेंबरमध्ये आणखी ऑइल फवारलं जातं, आणि जेव्हा पेटतं तेव्हा ते सगळं एकदम पेटतं. आमच्या समोरच्या घरातला भाडेकरू थंडीत कुडकुडत ते बटण दाबत राहिला आणि त्यांच्या बेसमेंटचं दार बिजागरीतून निघालं. नवे कंट्रोल ठरावीक प्रयत्नांनंतर कुलूप घालतात आणि टेक्निशियनशिवाय उघडत नाहीत. आमचा कंट्रोल जुना होता, तोही बदलून घेतला. टाकी पाव भरलेली असतानाच ऑइल मागवा. तळाला गेली की गाळ ओढला जातो आणि सगळी रामकहाणी पहिल्यापासून. 2016 पासून न्यू जर्सीत हीटिंग ऑइलमध्ये गंधक 15 पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत 15 भागांवर, आणलंय, त्याने फर्नेसच्या आत कमी खरवड साचते, पण अर्धवट जळलेल्या ऑइलची काजळी त्याने थांबत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच. काजळी दिसते तरी, तो वायू दिसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर आमचा डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायचा वाटा, हजार डॉलर, तो गेला. बाकी भिंती, डक्ट, लाँड्री इन्शुरन्सने दिलं, घसारा कापून. तो कापलेला भाग काम पूर्ण झाल्याची बिलं पाठवल्यावर मिळतो. रंगाचं बिल पाठवलंय, ब्लोअरचं पाठवलंय. पैठणी अजून 'ड्रेपरी'तच आहे, तिच्यासाठी पुण्याच्या दुकानाची पावती आणि दोन फोटो जोडून काल पुन्हा इमेल केलाय.